औत्सुक्य आणि करुणा

मुंगीवरही पाय पडू नये म्हणून जपून चालणारा गृहस्थ रात्रीचे जेवणखाण आटोपल्यावर चार-पाच खुनांची हकीगत मोठ्या चवीने वाचतो, आणि ती वाचून झाल्यावर त्यास स्वस्थ झोपही लागते. मनुष्यस्वभावातील ही विसंगती इतकी नित्याची झाली आहे, की तिचे नवल वाटणेही आपण सोडून दिले आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजाराने आणि काळ्या पहाडाने महाराष्ट्रातील किती घरांच्या दुपारी गोड केल्या असतील, याची गणती करणे कठीण. आम्ही स्वतःही या बाबतीत सोवळे नाही. तेव्हा पुढील विवेचन इतरांस उपदेश करण्याच्या हेतूने केलेले नसून, स्वतःच्याच एका आवडीची उलटतपासणी म्हणून केलेले आहे, हे वाचकांनी प्रथमच ध्यानी घ्यावे.

या उलटतपासणीस निमित्त घडले ते असे. सुट्टीत आमच्या जालन्याच्या घरी जमलेल्या मुलामंडळींनी लागोपाठच्या रात्री दोन चित्रकथा लावल्या. पहिली इंग्रजी, 'द लाइमहाउस गोलेम' या नावाची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडन शहरात एका मारेकऱ्याच्या मागावर निघालेल्या पोलीस अधिकाऱ्याची. दुसरी मराठी, २०२४ साली आलेली 'मानवत मर्डर्स' ही मालिका. आमच्या वडील चुलतभगिनी, ज्यांना सारे घर आक्का म्हणते, त्या पहिल्या रात्री लवकर निजावयास गेल्या. दुसऱ्या कथेस मात्र शेवटपर्यंत बसून राहिल्या. आक्कांचे बालपण परतूरकडील एका खेड्यात गेले. परतूर तालुका आज जालना जिल्ह्यात आहे. परंतु १९८१ साली हा जिल्हा निर्माण होईपर्यंत तो परभणी जिल्ह्यातच मोडत असे, आणि जालन्याहून परभणीकडे जाणाऱ्या आगगाडीस परतूर, सेलू मागे टाकले की मानवत रोडचे स्टेशन लागते. १९७३ साली आक्कांचे वय दहा वर्षांचे होते. मालिका संपल्यावर मुलांमध्ये नटनटींच्या कामाची आणि खरा गुन्हेगार कोण याची चर्चा रंगली असता त्यांनी एवढेच विचारले, "अरे, त्या पोरींची नावं काय होती?"

कोणासही सांगता आले नाही. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव सर्वांस ठाऊक होते, आरोपींची नावे मुखोद्गत झाली होती, पिंपळाचे झाडही डोळ्यांपुढे उभे होते. ज्यांच्या मरणावाचून ही कथाच उभी राहिली नसती, त्या तेवढ्या कोणाच्या ध्यानात राहिल्या नव्हत्या. आम्हांसही नाही.

असे का व्हावे? हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस मनाशी घोळवीत आहो.

आपल्याकडील साहित्यशास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास एक गोष्ट लक्षात येते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे रस सांगितले त्यांत करुण आहे, भयानक आहे, बीभत्स आहे, अद्भुतही आहे. परंतु ज्या एका भावनेवर सारी रहस्यकथा उभी असते, ती 'पुढे काय?' आणि 'कोण?' अशी उत्सुकता रसांमध्ये नाही. 'औत्सुक्य' हे नाव सापडते ते तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या भावांत. स्थायी भावाची सेवा करावी, त्यास पुष्टी द्यावी आणि निघून जावे, एवढाच त्याचा अधिकार. रहस्यकथेने या सेवकास सिंहासनावर बसविले आणि जो शोक वस्तुतः तेथे बसावयाचा, त्यास दाराशी उभे केले. प्रेत दिसते, परंतु ते रडण्यासाठी नसते. सुगावा देण्यासाठी असते. जखम दिसते, परंतु तिची वेदना कोणी विचारीत नाही. हत्यार डाव्या हाताने चालविले की उजव्या, एवढेच विचारतो. करुणेस एकदा पुरावा गोळा करण्याच्या कामास जुंपले, की मेलेल्याचे नाव विसरले जाणे हे केवळ विस्मरण राहत नाही. त्या कलाप्रकाराचा तो जवळजवळ नियमच ठरतो.

हा नियम पाश्चात्यांच्या ध्यानी आला नव्हता असे नाही. वर सांगितलेल्या इंग्रजी चित्रपटात मारेकऱ्याची रोजनिशी ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात डी क्विन्सीच्या एका ग्रंथाच्या पानांवर लिहिलेली सापडते, आणि त्या दिवशी तेथे असलेल्या चार वाचकांवर संशय जातो. त्यांत खुद्द कार्ल मार्क्सही आहे. डी क्विन्सीचा तो निबंध खरोखरचा असून १८२७ साली प्रथम छापला गेला. खून ही एक ललित कला मानून तिचे रसग्रहण करणाऱ्या एका काल्पनिक मंडळापुढील व्याख्यान, असे त्याचे उपरोधिक स्वरूप आहे. दुसऱ्याच्या मरणाकडे चित्राकडे पाहावे तसे पाहणाऱ्या सुशिक्षितांची ती थट्टा होती. कालाचा विनोद असा, की त्या थट्टेलाच पुढे धंद्याचे रूप आले.

रहस्यकथेच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. तिचे समर्थक सांगतात, की ही कथा मूलतः नीतीच्या बाजूची आहे. गुन्ह्याने जगाची घडी विस्कटते, बुद्धिमान तपासनीस सत्य शोधून ती पुन्हा बसवितो, आणि 'पाप लपत नाही' हा धीर वाचकास मिळतो. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु येथे तीन भिन्न गोष्टींची गल्लत होते असे आम्हांस वाटते. गुन्हा कोणी केला हे कळणे ही एक गोष्ट; ते सिद्ध होणे ही दुसरी; आणि त्या गुन्ह्याबाबत न्याय होणे ही तिसरी. रहस्यकथा पहिली गोष्ट हाती देते आणि तिन्ही मिळाल्याचे समाधान आपल्या पदरी घालते.

हे समाधान किती फसवे असू शकते याची साक्ष लंडन शहराचा इतिहासच देईल. १८११ च्या डिसेंबरात रॅटक्लिफ हायवे नामक रस्त्यावर बारा दिवसांच्या अंतराने दोन घरांत मिळून सात माणसांची हत्या झाली. जॉन विल्यम्स नावाच्या खलाशास संशयावरून धरण्यात आले. खटला उभा राहण्यापूर्वीच तो तुरुंगात गळफास लागलेल्या स्थितीत मृत आढळला. त्याचा अपराध सिद्ध झालेला नव्हता, तरी त्याचे प्रेत गाडीवर घालून अफाट गर्दीतून मिरविण्यात आले आणि चव्हाट्यावर छातीत खुंटी ठोकून पुरण्यात आले. तो खरोखर दोषी होता काय, याविषयी पुढील अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. परंतु त्या दिवशीच्या गर्दीस शंका नव्हती. तिला एक नाव हवे होते. ते मिळाले, आणि ती घरोघर गेली.

१८८८ साली त्याच शहरात, व्हाइटचॅपेल वस्तीत, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या अवधीत पाच स्त्रियांचे खून पडले. त्याच्या आदल्याच वर्षी शेरलॉक होम्स हा कादंबरीतून प्रथम जगापुढे आला होता. परंतु कादंबरीतील तपासनिसास जे साधे ते प्रत्यक्षातील पोलिसांस साधले नाही. मारेकरी सापडला नाही. ज्या टोपणनावाने तो जगभर ओळखला जातो, ते नावही एका पत्राखालच्या सहीतून आले. आणि ते पत्र कोणा वृत्तपत्रवाल्यानेच रचले असावे, असे पोलीस अधिकाऱ्यांचे मत होते. आता, मारेकरी सापडला नाही म्हटल्यावर कथा संपावी कशी? म्हणून चित्रपटांनी तो शोधून काढला. २००१ सालच्या 'फ्रॉम हेल' या चित्रपटात हे पाप सर विल्यम गल या राजवैद्यांच्या माथी मारले आहे. हे गृहस्थ खरोखर होऊन गेले. खुनांच्या वेळी ते सत्तरी उलटलेले असून आदल्या वर्षीच त्यांस अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बिचाऱ्या मृतास अब्रूनुकसानीचा दावा लावता येत नाही. प्रेक्षकांचे औत्सुक्य तृप्त व्हावे एवढ्यासाठी एका निरपराध मनुष्याची कीर्ती वेठीस धरली गेली, आणि हे पाहताना आपणांस काही वावगे वाटले नाही. 'लाइमहाउस गोलेम'चा शेवट येथे सांगून आम्ही कोणाचा रसभंग करणार नाही. एवढेच सांगतो, की त्यातील इन्स्पेक्टर किल्डेअर यास फासावर जाऊ घातलेल्या एका स्त्रीविषयी कणव आहे, आणि म्हणून त्यास सत्य हवे असते ते एका विशिष्ट प्रकारचेच. त्या चित्रपटातील खरी नैतिक गोष्ट आम्हांस ती वाटली. प्रेक्षकाचीही तीच अवस्था असते.

आता मानवतकडे वळू. १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीच्या आरंभापर्यंत, सुमारे चौदा महिन्यांत, त्या गावच्या परिसरात दहा जणींच्या हत्या झाल्या. त्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या मुली होत्या, प्रौढ स्त्रिया होत्या आणि एक वर्षाची तान्ही मुलगीही होती. ते दिवस महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचे होते आणि मराठवाडा त्यात होरपळत होता. स्थानिक पोलिसांचे प्रयत्न थकल्यावर मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांजकडे तपास सोपविण्यात आला. १९६८ साली मुंबईत रामन राघवचे प्रकरण ज्यांच्या देखरेखीखाली उलगडले, तेच हे अधिकारी. सरकार पक्षाची बाजू अशी होती, की संतानप्राप्तीसाठी आणि गुप्तधनासाठी पिंपळावरील मुंजास कुमारिकांचे रक्त अर्पण करण्याच्या हेतूने हे बळी घेण्यात आले. या घटनांवरूनच अमोल पालेकरांनी १९८१ साली 'आक्रीत' हा चित्रपट काढला होता, आणि चार दशकांनंतर वर उल्लेखिलेली मालिका आली.

रहस्यकथा येथे संपते. मात्र खटला येथे सुरू होतो, आणि आमच्या मते खरा विचार करण्याजोगा भाग तोच आहे. सत्र न्यायालयाने ज्यांना या कटाचे मुख्य सूत्रधार ठरवून देहान्ताची शिक्षा दिली, ते उच्च न्यायालयात निर्दोष सुटले, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका कायम केली. प्रत्यक्ष कृत्यात सहभाग शाबीत झालेले काही आरोपी मात्र दोषी राहिले. येथे मोठा प्रश्न होता माफीच्या साक्षीदाराचा. जो स्वतः गुन्ह्यात सामील होता आणि स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवीत आहे, त्याच्या शब्दावर कितपत विसंबावे? तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने आणि न्यायालयांच्या परंपरेने याचे उत्तर सावधपणाचे दिले आहे: अशा साक्षीस महत्त्वाच्या बाबतीत दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याची जोड पाहिजे, आणि ती जोड प्रत्येक आरोपीपुरती वेगळी पाहिजे. जोड नसेल, तर संशय कितीही दाट असो, तो संशयच.

आमच्या घरच्या मंडळींस हा निकाल मुळीच रुचला नाही. "मग केलं कोणी?" असे एक जण तावातावाने म्हणाला. त्याच्या रागाचे मूळ आम्हांस कळते. दहा जीव गेले असता मनास कोठेतरी टेकावयास जागा हवी असते. परंतु ज्या न्यायाधीशांनी त्या कागदांचे ढीग वाचले त्यांच्यावर, आणि ज्यांस त्यांनी निर्दोष ठरविले त्यांच्यावर, काही रात्री पडद्यासमोर बसून आपण निकाल द्यावा, हे न्याय्य आहे काय? विल्यम्सच्या प्रेतामागून चालणारी गर्दी आणि दिवाणखान्यात बसलेले आपण, यांत अंतर आहे ते शिष्टाचाराचे. वृत्तीचे फारसे नाही. न्यायालयाने 'सिद्ध झाले नाही' असे म्हणणे हे रहस्यकथेच्या दृष्टीने अपयश असेल. नीतीच्या दृष्टीने ते संयमाचे एक मोठे कृत्य आहे. न कळण्याचे दुःख सोसण्याची तयारी असल्यावाचून मनुष्य न्यायी होऊ शकत नाही.

तथापि याहूनही खोल गोष्ट पुढेच आहे. 'कोण?' या प्रश्नाच्या मागे धावताना दुसरा एक प्रश्न आपल्या दृष्टीआड होतो: 'कशाच्या बळावर?' लंडनच्या त्या मारेकऱ्याची कल्पना आपण गूढ, एकाकी, परका अशी करतो. तो आपल्यातला नसतो, म्हणून तो सापडला की आपण सुटतो. मानवतच्या प्रकरणात सरकार पक्षाने जो हेतू मांडला, तो काय कोणा परक्याच्या डोक्यातून निघाला होता? मौंजीबंधन होऊन लग्नाआधी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, हे कोणत्या मराठी घरात ठाऊक नाही? आमच्या लहानपणी वाड्यामागील पिंपळाखालून तिन्हीसांजा जाण्यास मनाई होती, आणि ती मनाई करणारी माणसे प्रेमळ व सज्जन होती. पुरलेल्या धनावर बसलेल्या नागाच्या गोष्टी आम्ही आवडीने ऐकल्या. मूल न होणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची समाजाची दृष्टी आम्ही पाहिली, आणि तीविषयी ब्रही काढला नाही. ही समजूत आणि तो खून यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्या अंतरात पायऱ्या आहेत, आणि त्यांतील खालच्या पायऱ्यांवर पुष्कळ सभ्य माणसे उभी असतात. गुन्हेगाराचे नाव कळताच आपण जो सुटकेचा निःश्वास टाकतो, त्यात या पायऱ्यांचा विसर पडल्याचा आनंद किती मिसळलेला असतो, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

कायद्याने या पायऱ्यांकडे पाहावयास किती काळ लागला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. नरबळी व इतर अमानुष, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा झाला तो २०१३ साली, म्हणजे मानवतनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः पुण्यात मारले गेल्यावर त्याचा अध्यादेश निघाला. पोलिसांस आपला प्रश्न काही महिन्यांत सोडविता आला. समाजास आपला प्रश्न नीट विचारावयासच चार दशके लागली.

आणि मेलेले? व्हाइटचॅपेलच्या पाचही स्त्रिया दरिद्री होत्या. रामन राघवने ज्यांचे प्राण घेतले, ते मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर आणि झोपड्यांत झोपणारे लोक होते. त्याची फाशी मनोरुग्णतेच्या कारणाने जन्मठेपेत बदलली, १९९५ साली तो आजारपणाने वारला, आणि पुढे त्याचे नाव चित्रपटास शीर्षक म्हणूनही लाभले; त्याने मारलेल्यांपैकी एकाचेही नाव आम्हांस आठवत नाही. जिवंतपणी ज्यांच्याकडे कोणी पाहिले नाही, त्यांच्याकडे मरणानंतर जग पाहते, तेही त्यांस नव्हे, त्यांच्या मारेकऱ्याच्या हस्ताक्षरास. आक्कांनी त्या रात्री पुढे सांगितले, की त्या वर्षी त्यांस शेतात पाठविणे वडिलांनी बंद केले होते. परंतु गावातील ज्या घरची सारी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात, त्या घरच्या मुलींस कोंडून ठेवणे आईबापांस परवडत नव्हते. "आम्ही घरात होतो म्हणून वाचलो असं नाही म्हणत," त्या म्हणाल्या, "पण भीतीसुद्धा सगळ्यांना सारखी परवडत नाही."

हॅली रुबेनहोल्ड या लेखिकेने २०१९ साली 'द फाइव्ह' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात व्हाइटचॅपेलच्या पाच स्त्रियांचे जन्म, विवाह, मुले, रोजगार, व्यसने, दुःखे यांचा शोध कागदपत्रांवरून घेतला आहे. मारेकरी कोण हा प्रश्न तिने घेतलेलाच नाही. सव्वाशे वर्षे सर्रास वेश्या म्हणून उल्लेखिल्या गेलेल्या या पाच जणींपैकी तिघींबाबत तसा काही पुरावा नाही, असे तिने दाखविले. मारेकऱ्याच्या शोधात सारे जग गुंतले असता, मेलेल्यांवर झालेला हा दुसरा अन्याय कोणास दिसलाही नव्हता. तपास याही ग्रंथात आहे, पुरावा आहे, बुद्धीचे काम आहे. परंतु येथे औत्सुक्य करुणेच्या सेवेस लागलेले आहे. आमच्या मते त्याचे योग्य स्थान ते हेच.

तेव्हा रहस्यकथा वाचू नयेत, पाहू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही त्या सोडणार नाही. मानवतच्या मुलींची नावे येथे छापावीत असेही आम्हांस वाटत नाही. त्यांचे आप्त हयात असतील आणि त्यांच्या दुःखाचे पुन्हा प्रदर्शन मांडण्याचा अधिकार आमचा नाही. म्हणणे एवढेच, की जेव्हा कथा घडलेल्या घटनेवर उभी असते, तेव्हा 'कोण?' याचे उत्तर मिळताच उठून जाण्याची आपणांस मोकळीक नाही. जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाल्यासारखे बोलू नये. आणि जे गेले त्यांस केवळ सुगावा समजू नये.

दुसऱ्या दिवशी आमच्या धाकट्याने आक्कांस विचारले, की तुमच्या गावातील कोणी त्या मुलींपैकी एखादीस ओळखत होते काय. त्या म्हणाल्या, "नाही रे. पण माझ्याच वयाच्या होत्या. आज साठीच्या झाल्या असत्या." मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि आम्हांसही काही बोलण्यासारखे उरले नाही.